जुन्या फोर-बाय-फोर पिकअपला मागचा ॲक्सल कोणता घालावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी फोर-बाय-फोर पिकअप, २.५ लिटरचं डिझेल इंजिन, पुढे-मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग). एरवी टनभर माल आणि हंगामात मढच्या किनाऱ्यावर ट्रेलरवरची बोट ओढणं, असं काम. मागची एक शाफ्ट (ॲक्सलच्या आतला, चाक फिरवणारा दांडा) रेतीत तुटली. आता ३१ इंची टायर आणि मागे डिफ लॉक (दोन्ही मागची चाकं सक्तीने एकत्र फिरवणारी कळ) घालायचा बेत आहे. कुर्ल्यात एक जण 'डाना ४४' जातीच्या ॲक्सलचा पूर्ण सेट देतोय, दुसरा म्हणतो टाटा ४०७ ट्रकचा ॲक्सल बसवा, पुन्हा बघायला नको. यातलं काय घ्यावं?

दोन्हींपैकी काहीही ठरवण्याआधी तुटलेली शाफ्ट हातात घ्या. भंगारवाल्याला दिली असेल तर परत आणा, कारण ती कशी तुटली यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

आतल्या बाजूला, स्प्लाइनजवळ (टोकावरच्या लांबट दात्यांजवळ) तुटली असेल आणि स्प्लाइनच्या रेषा सरळ न राहता पिळल्यासारख्या तिरक्या झाल्या असतील, तर शाफ्ट पिळाने गेली. म्हणजे तिच्या व्यासाच्या मानाने टॉर्क जास्त झाला. अशा वेळी जाड शाफ्ट हेच उत्तर. पण तुटलेला तोंडाचा भाग चाकाकडच्या बेरिंगजवळ असेल, आणि त्यावर एका कडेपासून सुरू झालेल्या अर्धवर्तुळाकार रेषा, गुळगुळीत काळपट भाग आणि शेवटी खरखरीत ताजा भाग असं दिसत असेल, तर ती रेतीत 'तुटली' नाही. ती महिनोन् महिने तुटत होती, रेतीत फक्त शेवट झाला. हा वाकण्याचा थकवा आहे. त्यामागे ढिलं बेरिंग, वाकलेलं हाउसिंग, बाहेर काढलेली रुंद रिम किंवा कायमचा जादा माल यांपैकी काहीतरी असतं. तिथे त्याच पद्धतीची थोडी जाड शाफ्ट घातली तरी ती त्याच जागी पुन्हा जाईल, फक्त उशिरा.

दुसरी शाबूत शाफ्टही बाहेर काढून बघा. स्प्लाइनवर खडूने सरळ रेघ ओढली की पीळ लगेच कळतो. एक तुटली असताना दुसरी सहसा निरोगी नसते.

आता ताकदीचा हिशेब. बहुतेक लोक इंजिनपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. १९५ न्यूटन-मीटरचं इंजिन धरा, पहिला गिअर साधारण ४, जीपवंशाच्या ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लो २.४६ आणि क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) ४.८८. गुणाकार केला तर चाकांपाशी ९,३०० न्यूटन-मीटरच्या वर आकडा जातो. पण एवढा टॉर्क शाफ्टपर्यंत पोचतच नाही, त्याआधी टायर घसरतो. शाफ्टवर येणाऱ्या भाराची मर्यादा टायरची पकड ठरवते. पकड ठरते त्या ॲक्सलवरचं वजन, जमीन आणि टायरची त्रिज्या यांवरून.

तुमच्या गाडीचं उदाहरण घेऊ. टनभर माल आणि ट्रेलरच्या हुकवरचं वजन धरून मागच्या ॲक्सलवर १,७०० किलो येतात असं समजा. वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून हा आकडा खात्रीचा करून घ्या. तो अंदाजाने धरू नका, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. १,७०० किलो म्हणजे सुमारे १६,७०० न्यूटन. कोरड्या काँक्रीटवर पकडीचा गुणांक ०.८ धरला आणि ३१ इंची टायरची दबलेली त्रिज्या ०.३७ मीटर धरली, तर त्या ॲक्सलवर जास्तीत जास्त ४,९०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क येतो. साध्या डिफरन्शियलमध्ये तो दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो, म्हणजे प्रत्येक शाफ्टला सुमारे २,४५०.

डिफ लॉक लावला की हे वाटप संपतं. बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर एक चाक हलकं झालं किंवा शेवाळावर गेलं, तर जवळपास सगळे ४,९०० एकाच शाफ्टवर येतात. म्हणून जुनी शाफ्ट तशीच ठेवून आधी लॉक बसवणं हा सगळ्यात महागात पडणारा क्रम आहे.

शाफ्ट किती सोसते? चांगल्या, हार्डनिंग केलेल्या मिश्रधातूच्या पोलादाला पिळाची मर्यादा ढोबळमानाने ५०० मेगापास्कल धरा. त्यावरून ३० मिमी व्यासाला सुमारे २,६५० न्यूटन-मीटर, ३२ मिमीला ३,२००, ३५ मिमीला ४,२०० आणि ३८ मिमीला ५,४०० मिळतात. ताकद व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे ३० चे ३८ झाले की ती दुप्पट होते. हा व्यास मोजायचा तो शाफ्टच्या सर्वांत बारीक जागी, म्हणजे बहुधा स्प्लाइनच्या मुळाशी. वरून ३३ मिमी दिसणारी शाफ्ट तिथे ३१ च्या आसपास भरते. दुकानदार नेहमी वरचा आकडा सांगतो, म्हणून व्हर्नियर कॅलिपर सोबत न्या.

या आकड्यांवर निदान दीडपट राखीव ताकद हवी, कारण घसरणारं चाक अचानक पकडलं जातं तेव्हा धक्क्याने टॉर्क हिशेबाच्या वर जातो. मढच्या कामात नेमकं हेच होतं. ओल्या, शेवाळी रॅम्पवर चाक फिरत राहतं आणि एकदम कोरड्या पट्ट्यावर चढतं. २,४५० ची दीडपट म्हणजे ३,७०० च्या जवळ. ३२ मिमी त्याला अपुरी, ३५ मिमी बरोबर. लॉकसकट सुरक्षित राहायचं असेल तर ३८ मिमीसुद्धा दीडपटीच्या हिशेबात अपुरी पडते. माझं स्पष्ट मत: या गाडीला मागे लॉक नको. रॅम्पवर फोर-लो (चारही चाकांना जोर, ट्रान्सफर केस लोमध्ये), टायरची हवा थोडी उतरवणं आणि हळू क्लच यांनी तुमचं काम होतं. रेतीतून पक्क्या रस्त्यावर आलात की मात्र हवा लगेच भरा. टनभर माल घेऊन कमी हवेवर धावलं तर टायरच्या बाजूच्या भिंती तापून फाटतात.

आता 'डाना ४४'. हे नाव एका कुटुंबाचं आहे. त्यावरून क्राउनचा व्यास साधारण ८.५ इंच आहे एवढं कळतं, शाफ्टबद्दल काहीच कळत नाही. या कुटुंबात १० स्प्लाइनची, १९ स्प्लाइनची आणि ३० स्प्लाइनची शाफ्ट आहे आणि त्यांच्या ताकदीत मोठा फरक आहे. ३० स्प्लाइनची वरून १.३१ इंच, म्हणजे ३३.३ मिमी भरते. जुन्या जीपवंशाच्या मागच्या ॲक्सलमध्ये टोकाला टेपर आणि चावी असलेली शाफ्टही सापडते. तिचा हब नट (चाकाच्या मधल्या तुंब्यावरचा नट) सैल राहिला की चावी कापली जाते आणि चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून चीर सुरू होते. माल वाहणाऱ्या गाडीसाठी टेपरवाली शाफ्ट घेऊच नका.

यापेक्षा मोठा प्रश्न सेमी-फ्लोटिंग की फुल-फ्लोटिंग हा आहे, आणि तुमच्या गाडीचा निर्णय इथेच लागतो. सेमी-फ्लोटिंगमध्ये एकच शाफ्ट चाक फिरवते आणि गाडीचं वजनही पेलते. चाकाच्या प्रत्येक फेरीत ती एकदा वर आणि एकदा खाली वाकते. ३१ इंची टायर किलोमीटरला चारशेच्या वर फेऱ्या घेतो, म्हणजे तेवढ्या वेळा वाकणं. रिम बाहेर काढली की वाकवणारा हात लांब होतो. वळणावर टायरचा आडवा जोर जमिनीशी लागतो आणि त्रिज्येच्या अंतराने शाफ्ट वाकवतो. हा जोर उभ्या वजनाच्या वाकण्यापेक्षाही जास्त असू शकतो. माल भरून कसारा किंवा माळशेज घाट उतरताना बेरिंगजवळची शाफ्ट खरी थकते ती यामुळे.

फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाउसिंगच्या नळीवर, दोन बेरिंगच्या हबवर असतं. शाफ्टला फक्त पीळ सोसायचा असतो. ती तुटली तरी चाक जागेवर राहतं. फ्लँजचे बोल्ट काढून तुकडे बाहेर घ्या, उघड्या हबला झाकण लावा, मागची प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा दांडा) सोडा आणि फोर-हायमध्ये (फोर-व्हील, पण लो नाही) पुढच्या चाकांवर हळूहळू घरी या. सेमी-फ्लोटिंगची तुटली तर काही रचनांमध्ये चाकच बाहेर येतं. ओळखायला सोपं आहे: रिमच्या मधोमध हब बाहेर आलेला आणि त्यावर शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट गोलात दिसले की फुल-फ्लोटिंग. मागे टनभर माल आणि ट्रेलर असेल तर मी दुसरा काही सल्ला देणार नाही.

मग ४०७ चा घ्यावा का? ताकदीने तो पुरून उरतो. अडचणी वेगळ्याच आहेत. त्याचा हब मागे जोडचाकांसाठी आहे, त्यामुळे एकेरी चाक लावलं की रिमची बैठक आणि गाडीची रुंदी बदलते. नटांचं वर्तुळ वेगळं, म्हणजे एकच स्टेपनी पुढे-मागे चालणार नाही. पाट्याखालचं वजन बरंच वाढतं आणि रिकामी गाडी खड्ड्यांवर उडते. क्राउन-पिनियन असलेला मधला गोळा मोठा असल्याने जमिनीपासूनची उंची कमी होते. ब्रेकचे ड्रम आणि सिलिंडर वेगळ्या मास्टर सिलिंडरसाठी बनवलेले असतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याचं क्राउन-पिनियनचं प्रमाण तुमच्या पुढच्या ॲक्सलशी जुळण्याची शक्यता कमी.

पुढचं-मागचं प्रमाण जुळलं पाहिजे याला पर्याय नाही. पुढे ४.२७ आणि मागे ४.८८ असेल तर १४ टक्क्यांचा फरक पडतो. फोर-व्हील लावल्याबरोबर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचे गिअर किंवा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाच्या सांध्यातला चार टोकांचा भाग) जातो. दाते मोजून प्रमाण काढा: ४७ आणि ११ म्हणजे ४.२७, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४३ आणि ८ म्हणजे ५.३८. ॲक्सल न उघडता पाहायचं तर गिअर न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक सोडा, दुसरी चाकं ओंडक्यांनी नीट अडवा, एकच मागचं चाक जॅकवर उचला आणि ते दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. साध्या डिफरन्शियलमध्ये प्रॉपेलर शाफ्ट जितक्या फेऱ्या घेईल तितकं प्रमाण.

टायरचा विचारही इथेच करा. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३३ मिमी, ३१ इंचीचा ७८७. म्हणजे प्रमाण सात टक्क्यांनी उंचावतं, ४.२७ ची गाडी ३.९८ सारखी वागायला लागते आणि घाटात पहिल्या-दुसऱ्यावर क्लच जळतो. ३१ इंची घालणारच असाल तर दोन्ही ॲक्सलना ४.८८ करा. ५.३८ कडे जाऊ नका: पिनियन बारीक होतो आणि त्याचे दातच पुढची कमजोर जागा बनतात. मात्र मोठा टायर घातलाच पाहिजे असं तुमच्या कामात मला काही दिसत नाही. मूळ मापाचा टायर ठेवला तर शाफ्टवरचा भार सात टक्के आपोआप कमी होतो आणि पुढचा ॲक्सल उघडावा लागत नाही.

तेव्हा शोधायचा तो माल वाहणाऱ्या पिकअपचा फुल-फ्लोटिंग ॲक्सल: एकेरी चाकाचा, तुमच्या पुढच्या प्रमाणाचा, नटांचं वर्तुळ जुळणारा (जुन्या जीपवंशात पाच नट, १३९.७ मिमी), रिम टेकते त्या दोन पृष्ठांमधलं अंतर तुमच्या ॲक्सलच्या दोन-तीन सेंटीमीटर आतबाहेर आणि शाफ्ट मुळाशी ३५ मिमी. असा मिळेपर्यंत, आणि तुमची शाफ्ट पिळानेच गेली असेल तर, त्याच हाउसिंगमध्ये ईएन-२४ या मिश्रधातूच्या पोलादाची शाफ्ट बनवून घेणं हा चालण्याजोगा मधला मार्ग आहे. साकीनाक्यापासून तळोज्यापर्यंत लेथचं काम करणारे भरपूर आहेत, पण नुसतं ईएन-२४ म्हणून भागत नाही. हार्डनिंग-टेंपरिंग झालेलं हवं आणि कडकपणाच्या चाचणीचा कागद हवा. व्यास बदलतो त्या खांद्यावर निदान ३ मिमीची गोलाई हवी, आणि तिथे टूलची एकही रेघ नको. जुन्या शाफ्टला वेल्डिंग करून देणाऱ्याला हात जोडा.

कुर्ल्यात सेट बघायला जाल तेव्हा गेअर ऑइल काढून दाखवायला सांगा. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलेलं आहे. मुंबईत पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे ॲक्सल बाजारात येतच राहतात. बाहेरून रंगवलेले, आत बेरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे. ऑइलात चुंबक फिरवा. बारीक काळी भुकटी चालते, चकत्या आणि तुकडे चालत नाहीत. क्राउन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर एकच आहे का बघा, वेगळे नंबर म्हणजे दोन सेटमधले भाग, आणि तो सेट आयुष्यभर ओरडेल. हाउसिंग वाकलंय का हे बघायला दोन्ही फ्लँजना लांब सरळ पट्ट्या लावा आणि त्यांच्यामधलं अंतर पुढे, मागे, वर आणि खाली मोजा. एक-दीड मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सोडून द्या. डाना पद्धतीच्या ॲक्सलमध्ये नळ्या ओतीव गोळ्यात दाबून बसवलेल्या असतात. तिथल्या वेल्डभोवती गंजाची गोल रेघ दिसली तर नळी गोळ्यात फिरली आहे.

बसवताना घाई होते ती पाट्याच्या बैठकीत. जुना ॲक्सल सोडण्याआधी चेसिसच्या एका ठरावीक रिव्हेटपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. नवीन बैठका आधी फक्त टाके मारून धरा, गाडी टायरवर उतरवा, मग पिनियनचा कोन लावा. दोन क्रॉसच्या प्रॉपेलर शाफ्टला पिनियन आणि ट्रान्सफर केसचा बाहेरचा दांडा समांतर हवा. पाट्यांच्या गाडीत पिनियनचं नाक एक-दोन अंश खाली ठेवा, कारण जोर लागला की पाटे पिळून नाक वर उचलतं. कोन पक्का झाला की शाफ्ट आणि सील बाहेर काढून, थोडं थोडं, आलटून-पालटून बाजूंनी वेल्ड करा. एका दमात गोल वेल्ड ओढला तर नळी वाकलीच म्हणून समजा. अर्थची क्लिप वेल्डजवळच लावा, नाहीतर करंट बेरिंगमधून जाऊन त्यावर डाग पाडतो. यू-बोल्ट नेहमी नवे.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. पाटे पूर्ण दाबले गेले तरी स्लिपमध्ये (शाफ्टच्या सरकत्या जोडात) निदान २५ मिमी जागा उरली पाहिजे. नाहीतर शाफ्ट ट्रान्सफर केसच्या बेरिंगवर आदळते. तिचे क्रॉस मुद्दाम जड मापाचे करू नका. कुठेतरी काहीतरी तुटायचंच असेल तर ते बाहेर, स्वस्त आणि अर्ध्या तासात बदलता येणारं असावं.

क्राउन-पिनियनची फट सेटच्या पत्रकाप्रमाणे ठेवा. डाना ४४ साठी ०.१५ ते ०.२५ मिमी सर्रास धरतात. दातांना निळा रंग लावून ठसा दाताच्या मधोमध येतो का बघा. 'आवाज येत नाही ना, मग झालं' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

ब्रेकमध्ये एक गोष्ट हमखास राहून जाते. मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह चेसिसवर असतो आणि त्याची काडी ॲक्सलला जोडलेली असते. नव्या ॲक्सलवर तिची जागा नसते, म्हणून मेकॅनिक ती बांधून टाकतो. मग रिकाम्या गाडीत पावसात मागची चाकं अडकतात आणि गाडी फिरते. काडीचा कंस त्याच अंतरावर बनवून घ्या. चाकाच्या सिलिंडरचा व्यास जुन्याशी जुळवा आणि हँडब्रेक चढावर, माल भरून तपासा.

खाऱ्या पाण्याबद्दल. धावून तापलेला ॲक्सल रॅम्पवर पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवेच्या छिद्रातून) पाणी ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बोनेटखाली उंचावर न्या. पाण्यात जाण्यापूर्वी हब हाताला सोसवेल इतका निवू द्या, परतल्यावर गोड्या पाण्याने ड्रम आणि बैठका धुवा. ऑइल जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. घाटात कायम भरलेली गाडी असेल तर ८५डब्ल्यू-१४०.

पुढच्या ॲक्सलची शाफ्ट मी बदलणार नाही. पुढे वजन कमी असतं आणि कमजोर जागा शाफ्ट नसून वळणाचा जॉइंट असते. चाकं पूर्ण वळवलेली असताना फोर-लोमध्ये जोर दिला की तो जातो. रॅम्पवर चाकं सरळ ठेवूनच ओढा. जॉइंट आणि किंगपिनची (चाक ज्या खुंटीवर वळतं तिची) बेरिंग चांगली असतील तर एवढं पुरे.

कागदपत्रांचं एक सांगायला हवं. ॲक्सल जड झाला म्हणून आरसी बुकातलं एकूण वजन वाढत नाही. जादा मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि कलम ५२ मूळ रचनेत नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही. त्यामुळे बदल कापण्या-जोडण्याआधी तुमच्या आरटीओत विचारून घ्या, फिटनेसच्या दिवशी नाही.

नवीन क्राउन-पिनियनवर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं रिकामी गाडी मध्यम वेगाने चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या, आणि हे दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर लावू नका. शंभर किलोमीटरला आणि पुन्हा पाचशेला यू-बोल्ट आवळा. ८०० ला ऑइल बदलताना ड्रेन प्लगचं चुंबक पुसून काय चिकटलंय ते बघा.